जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी कसारा घाट चढताना तापते, थर्मोस्टॅट काढून टाकू का?

काढू नका हो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत त्याला थंड करणारं पाणी अडवून धरणारी झडप. सर्रास काढतात लोक, पण मग नाशिकच्या डिसेंबरात इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल पितं ते वेगळंच. थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात टाकून गॅसवर ठेवा, ८०-९० डिग्रीच्या आसपास उघडला तर तो ठीक आहे, दोष दुसरीकडे. बहुतेक वेळा रेडिएटरच (इंजिनचं पाणी थंड करणारी पुढची जाळी) चोंदलेला असतो, वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं, आत क्षाराचा थर, तो खोलून साफ करून घ्या आणि पुढे कूलंटच टाका. फॅन बेल्ट सैल नाही ना तेही बघा. आणि घाटात टॉप गिअरला रेटू नका, फॅन इंजिनवरच फिरतो, खालच्या गिअरला आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) वाढलं की हवाही जास्त ओढतो.