ब्राउझर बदलू की कॉम्प्युटर?

प्रश्न : दादा, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये मी हिशेब बघते. जीएसटी, बँक, पार्ट्यांचे ईमेल, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं. तो विंडोज ७ चा आहे. बदलता येत नाही, कारण जुन्या सीएनसी मशीनला (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्राला) प्रोग्रॅम पाठवायचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. हल्ली पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले’ अशी चौकट सारखी येते. भाचा म्हणतो, क्रोम काढ आणि ब्रेव्ह घाल, तो सुरक्षित असतो. मालक म्हणतात, बँकेच्या साइटवर पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय ना, मग कशाला घाबरायचं? कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, भाच्याला तुमची काळजी आहे हे खरं, पण त्या कॉम्प्युटरवर ब्रेव्ह घालून काही साधणार नाही. ब्रेव्ह, एज, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे ब्राउझर क्रोमियम या एकाच पायावर बांधलेले आहेत आणि क्रोमही त्याच्यावरच आहे. २०२३ च्या सुरुवातीला आलेली क्रोमची १०९ वी आवृत्ती विंडोज ७ वरची शेवटची. पायाच थांबला तेव्हा त्यावरचे बाकीचेही थांबले. ब्रेव्ह जाहिराती आणि पाळत ठेवणारे ट्रॅकर आपणहून अडवतो, हा त्याचा गुण मला आवडतो. नव्या कॉम्प्युटरवर जरूर वापरा. पण तुमचं दुखणं वेगळं आहे.

दुखणं असं, की विंडोज ७ ची मुदत मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला संपवली. तेव्हापासून सापडलेल्या त्रुटींची दुरुस्ती तुमच्यासारख्या साध्या कॉम्प्युटरवर येतच नाही. ब्राउझरची दुरुस्तीही २०२३ पासून बंद. नुसतं जुनं राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण क्रोमियमचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. नव्या आवृत्तीत काय दुरुस्त केलं ते वाचून, जुन्या आवृत्तीत भोक कुठे होतं हे जाणकार चोराला कळतं. म्हणूनच गुगलने ऑगस्ट २०२३ पासून क्रोमच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. दुरुस्ती उघड होणं आणि ती लोकांपर्यंत पोचणं यात वेळ जाऊ नये, एवढ्यासाठी. तुमच्याकडे ती पोचतच नाही. फायरफॉक्सचं इंजिन स्वतःचं आहे आणि विंडोज ७ साठी त्यांनी ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती इतरांपेक्षा जास्त काळ चालू ठेवली. पण खालची विंडोजच उघडी असताना मी त्याच्या भरवशावर मालकांचं चालू खातं उघडू देणार नाही.

मग करायचं काय? कॉम्प्युटर टाकून देऊ नका, त्याचं काम वाटून द्या. मशीनला प्रोग्रॅम सिरीयल केबलने जात असेल, तर त्याला इंटरनेट कशाला हवं? नेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि तो फक्त मशीनचा कॉम्प्युटर करून टाका. ड्रॉइंग आणायला एक पेन ड्राइव्ह त्याच्यासाठीच राखून ठेवा. कामगारांच्या गाण्यांचा पेन ड्राइव्ह त्यात जाऊ देऊ नका. बँक आणि जीएसटीसाठी दुसरा कॉम्प्युटर घ्या. नवाच पाहिजे असं नाही. राजारामपुरीत किंवा ओळखीच्या दुकानात वापरलेला मिळाला तरी चालेल, फक्त त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का ते पैसे देण्याआधी बघून घ्या. इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० वर समाधान मानू नका, त्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. मालक खर्चाला नको म्हणतील. त्यांना एवढंच विचारा, की पगाराच्या आदल्या दिवशी खात्यातनं पैसे गेले तर किती दिवस निभावेल?

आता ती चौकट. ती बहुतेक व्हायरसची नाही, वेबसाइटची सूचना आहे. कुणीतरी कधीतरी एखाद्या साइटवर ‘अनुमती द्या’ दाबलं आणि तिला कोपऱ्यात बोलायचा परवाना मिळाला. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात सूचना. तिथे अनोळखी नावं दिसतील, ती सगळी काढून टाका. चौकटीतल्या नंबरवर फोन मात्र कधीच करू नका आणि कुणी सांगितलं म्हणून स्क्रीन दुसऱ्याच्या ताब्यात देणारं ॲप घालू नका. कुणी आधीच तसं केलं असेल, तर आजच्या आज नेटची वायर काढून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तिथेच एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, यादीही बघा. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत दुकानात ऐन हंगामात दिवाणजींनी पट्ट्यांचे पीडीएफ जोडायला कुठलंसं एक्स्टेन्शन घातलं. तेव्हापासून काहीही शोधलं की भलतीच साइट उघडायची. अशा एक्स्टेन्शनला ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी दिलेली असते, म्हणजे बँकेचं पानसुद्धा त्यात आलं. चांगलं एक्स्टेन्शनही पुढे बिघडू शकतं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ खूप लोकप्रिय होतं; २०२० मध्ये त्याची मालकी दुसऱ्याकडे गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते घातक म्हणून काढून टाकलं. ज्याची रोज गरज नाही ते ठेवू नका.

मालकांच्या कुलपाबद्दल. पाकीट वाटेत कुणी फोडून वाचलं नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पाकीट कुणाच्या घरी पोचलं हे सांगत नाही. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट देतात. त्याने वेब सुरक्षित व्हायला मोठी मदत झाली, पण खोट्या साइटवालाही ते घेऊ शकतो. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये, ११७ व्या आवृत्तीत, पत्त्याशेजारचं कुलूप काढून टाकलं. तुमच्या क्रोममध्ये ते अजून दिसतंय, यावरूनच तो किती जुना आहे ते मालकांना दाखवा. कुलपाऐवजी पत्ता बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो, त्यामुळे तो ‘https://’ सोडून येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या अगदी आधी आहे का ते वाचा. बँकेचं नाव गुगलवर शोधून वरच्या जाहिरातीवर क्लिक करायची सवय मोडा. बुकमार्क करून ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगतो, कारण इथल्या बऱ्याच ऑफिसांत मला हे दिसतं आणि जीव खालीवर होतो. मालकांच्या डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे ते पेन ड्राइव्हसारखं दिसणारं, दिवसभर कॉम्प्युटरला लावून ठेवू नका. सही झाली की काढा आणि कपाटात ठेवा. पिन टोकनवर चिकटपट्टीने चिकटवलेला असेल तर तो आजच बदला.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. नातीच्या लॅपटॉपवर पेन्शनचं खातं इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, उघडते. पुरेसं आहे का? — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बाई, सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद केल्या की तुमचा इतिहास आणि लॉगिन त्या लॅपटॉपवर उरत नाही. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर एवढा उपयोग नक्की आहे. एक्स्टेन्शनही त्यात आपणहून चालत नाहीत, नातीने मुद्दाम परवानगी दिली असेल तरच चालतात. पण लॅपटॉपमध्येच पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम शिरला असेल तर इन्कॉग्निटो त्याला अडवू शकत नाही. गेमच्या फुकट, चोरट्या प्रती डाउनलोड करते का, हे नातीला एकदा विचारा. असे प्रोग्रॅम पुष्कळदा त्यांतूनच येतात. करत असेल तर त्या लॅपटॉपवर पेन्शनचं खाते उघडू नका. तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर बँकेचं ॲप अधिकृत प्ले स्टोअरमधूनच घ्या आणि पेन्शन तिथे बघा.