पॉप-रॉकमध्ये भारी बास गिटार प्लेयर कुणाला म्हणायचं? जो फास्ट वाजवतो त्यालाच का?

फास्टचा काही संबंध नाही हो. ड्रमरच्या किकबरोबर (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) घट्ट बसता आलं पाहिजे आणि नोट कधी बंद करायची ते कळलं पाहिजे, बरेच जण वाजवतात बरोबर पण सोडायला विसरतात मग अख्खं गाणं गढूळ वाटतं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा जेम्स जेमरसन ऐका, 60च्या दशकातल्या त्यांच्या ढीगभर हिट गाण्यांत बास त्याचाच. उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा, एकच बोट! 1962चा फेंडर प्रिसिजन बास गिटार, तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, ब्रिजच्या (गिटारवर तारा जिथे अडकवतात तो भाग) कव्हरखाली फोमचा तुकडा, त्यामुळे नोट ठप्पकन येते आणि लगेच संपते. पण खरी गंमत म्हणजे तो कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) मूळ स्वर धरून बसत नाही, मधल्या स्वरांवरून चालत जातो, ऑफबीटला (मुख्य ठोक्यांच्या मधे) ढकलतो, आणि एवढं करून गायकाच्या आड येत नाही. बीटल्सचा बास प्लेयर पॉल मॅकार्टनीसुद्धा त्याला मानतो. मोटाउनने मात्र बरीच वर्षं रेकॉर्डवर त्याचं नाव छापलं नाही, 1971 ला मार्विन गेच्या अल्बमवर आलं एकदाचं. स्लॅप-बिप (अंगठा तारेवर आपटून वाजवणं) नंतर शिका, आधी हेडफोन लावून त्याची एखादी लाइन तोंडाने म्हणून बघा.