हॉलमध्ये खुर्च्या मांडण्याआधी

प्रिय मुली,

10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, परळला तुमच्या चाळीच्या हॉलमध्ये श्वसनाचा वर्ग घ्यायचं म्हणतेस. जरूर घे. फक्त पाठवलेल्या यादीतलं बरंचसं काढून टाक. तासाभरात सात प्रकार शिकवलेस तर घरी जाऊन कुणी एकही करणार नाही.

कपालभातीवर आधी काट मार. भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. तुला-मला त्याचं काही वाटत नाही. पण ज्याला पॅनिक अटॅक येऊन गेलाय, त्याला नेमकी तीच लक्षणं पुन्हा जाणवतात आणि तो भर वर्गात घाबरतो. शिवाय बीपीवाले, गरोदर बायका कोण येईल सांगता येत नाही.

एकच गोष्ट शिकव: उच्छ्वास लांबवणं. चटया नकोत, मंडळाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्याच बऱ्या, आज्यांचे गुडघे वाचतील. एक हात पोटावर. नाकाने चार मोजत श्वास घ्यायचा आणि चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून सहा मोजत सोडायचा. मध्ये रोखून धरायचा नाही. मोठी माणसं एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतात, असे घेतले की सहाच होतात. श्वास घेताना हृदयाचे ठोके जरा वाढतात, सोडताना मंदावतात. मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हचं (नसेचं) हे काम आहे, आणि म्हणून सगळा भर सोडण्यावर. कुणाला सहा जमले नाहीत तर पाच. ‘डोळे मिटा’ अशी सक्ती करू नकोस. काही जणांना डोळे मिटले की जास्तच कोंडल्यासारखं होतं, त्यांनी खिडकीकडे बघावं.

आणि सांग की हे रोज, बरं वाटत असताना करायचं. कुर्ला ते दादर उभ्याने, लेडीज डब्यातल्या गर्दीतही करता येतं, शेजारणीला कळतसुद्धा नाही. नुसतं धास्तावल्यावरच करायला गेलं तर ऐनवेळी सुचतच नाही.

सुरुवात झोपेपासून कर. ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ असं विचारलंस तर हॉल गप्प बसेल. ‘रात्री झोप लागते का?’ विचारलंस तर मागच्या रांगेतले काकासुद्धा बोलतील. (त्यांना नंतर आवरावं लागेल, ही तयारी ठेव.)

आता ज्यासाठी खरं म्हणजे हे पत्र लिहितेय ते. श्वासाने नैराश्य बरं होतं, गोळ्या सुटतात, असं चुकूनही बोलू नकोस. आपल्या क्षेत्रात असं छातीठोक सांगणारे काही कमी नाहीत, आणि ऐकणारा दुसऱ्या दिवसापासून औषध बंद करतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही, हे तूच दोनदा सांग. छातीत दुखणं, दम लागणं हे ‘टेन्शनच असेल’ म्हणून श्वास मोजत बसायचं नाही, आधी दवाखाना गाठायचा, हेही सांग.

वर्ग संपून खुर्च्या उचलताना कुणीतरी रेंगाळेल. ‘माझ्या भाचीला ना...’ अशी सुरुवात होईल. भाची असेल किंवा नसेलही, खोदून विचारू नकोस. उपदेश नको, ऐक. जगावंसं वाटत नाही अशा अर्थाचं काही कानावर आलं, तर सरळ विचार: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नकोस, घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन लगेच हॉस्पिटल गाठ.

फळ्यावर 14416 हा आकडा मोठा लिही. 2022 पासून सुरू असलेली सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. केईएम हॉस्पिटल तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथे मानसोपचाराची ओपीडी आहे. पण नुसतं ‘केईएमला जा’ म्हणून भागत नाही. केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या मजल्यावर जायचं, हे एका सकाळी स्वतः जाऊन बघून ये. लोक अडतात ते तिथेच. ज्यांनी मेडिक्लेम काढलाय त्यांना 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचंही सांग: शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारालाही विम्याचं संरक्षण द्यावं, असं त्यात आहे.

शनिवारी क्लासनंतर थांब. पहिली दहा मिनिटं काय बोलणार आहेस ते मला करून दाखव, आणि यादी नवी करून आण.

तुझ्या बाई