पांढरं पडलेलं कोरल म्हणजे मेलेलं कोरल का?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात मालवणला स्नॉर्केलिंग करताना पांढरंफटक कोरल दिसलं, बोटीवरचा मुलगा म्हणाला सगळं मेलंय, तर हे खरं का, आणि मेलंच असेल तर त्यावर संशोधन करणारे लोक नक्की करतात तरी काय. मी हेच काम करते, आधी काही वर्षं लक्षद्वीपला होते आणि आता मालवणात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पांढरं म्हणजे मेलेलं नाही, निदान लगेच तरी नाही. कोरल हा प्राणी आहे, म्हणजे खरं तर हजारो बारके बारके प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचा सांगाडा बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला मिळतं, रंगही मुख्यतः त्याचाच. पाणी दरवर्षीच्या ऐन उन्हाळ्यापेक्षा एखाद डिग्री जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की ही जोडी फुटते, शैवाल बाहेर टाकलं जातं. मग उरतं काचेसारखं पारदर्शक अंग आणि त्यातून दिसणारा पांढरा सांगाडा. तुम्ही बघितलात तो बहुधा उपाशी पण जिवंत प्राणी होता. पाणी वेळेत थंड झालं तर शैवाल परत वाढतं, नाही झालं तर मात्र तो उपासमारीनं मरतो.

बोटीवरून हा फरक कळत नाही, वीतभर अंतरावरून बघावं लागतं. जिवंत असेल तर हे बारके प्राणी ज्या खळग्यांत बसतात त्यांच्या कडा मऊ दिसतात आणि आत बारीक हात आखडून घेतलेले असतात. मेलं असेल तर कडा नुसत्या धारदार, आणि थोड्याच दिवसांत त्यावर हिरवट तपकिरी लव चढायला लागते. किल्ल्याच्या जवळ आमचा एक खूण केलेला पोराइट्स आहे, म्हणजे गोळ्यासारखा वाढणारा कोरल, मोठ्या कलिंगडाएवढा. एका मे महिन्यात तो पूर्ण पांढरा झाला, मग पाऊस लागला, बोटी बंद, चार महिने पाण्यात उतरता येईना. ऑक्टोबरमध्ये गेलो तर अर्धा परत छान तपकिरी झालेला आणि अर्ध्यावर शेवाळ, मधे बोटभर रुंद फिकट पट्टा. मी पाण्याखालीच ओरडले असेन, इतका आनंद झाला होता. पुढच्याच सीझनला एका बोटीचा नांगर त्याच्या जिवंत बाजूवरून घासत गेला. या जातीचा कोरल वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे ती जखम भरायला किती वर्षं जातील ते बघा.

बाकी आमचं काम म्हणजे तीच जागा पुन्हा पुन्हा मोजणं. ५० मीटरची टेप तळाशी पसरायची, ठरलेल्या अंतरावर चौकट ठेवून फोटो काढायचे, किती जिवंत, किती पांढरं, किती शेवाळ ते पाटीवर लिहायचं, आणि वर्षभर तापमान नोंदवणारं छोटं यंत्र बदलायचं. मालवणचं पाणी गढूळ, कधी कधी टेपचं दुसरं टोक सोडा, चौकटच नीट दिसत नाही. पण म्हणूनच मला इथलं कोरल महत्त्वाचं वाटतं, गाळ सोसणारे गोळ्यासारखे चिवट प्रकार इथे तग धरून आहेत.

सारखं मोजण्यानं काय होतं ते लक्षद्वीपला दिसतं. कोरलवर संशोधन करणारे रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी तिथे १९९८ पासून मोजतायत, आणि १९९८, २०१०, २०१६ असे उष्णतेचे तीन मोठे तडाखे त्या नोंदींत आहेत. १९९८ मध्ये जिवंत कोरल सुमारे ३७ टक्के होतं, २०२२ पर्यंत ते २० टक्क्यांच्या खाली आलं. त्यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी की प्रत्येक तडाख्यात आधीपेक्षा कमी कोरल मेलं, म्हणजे उरलेलं जास्त सोशिक होतं, पण सावरायला जी शांत वर्षं लागतात तीच मिळेनाशी झालीत. एकदाच जाऊन फोटो काढून आलो असतो तर हे कधीच कळलं नसतं. २०२४ मध्ये तर जगभर चौथ्यांदा ब्लीचिंग, म्हणजे कोरल असं पांढरं पडणं, जाहीर झालं.

समुद्र थंड करणं तुमच्या माझ्या एकट्याच्या हातात नाही, पण पांढरं पडलेल्या कोरलवर पाय ठेवू नका, त्याच्यावर आधीच संकट आलेलं असतं. बोटवाल्याला नांगर टाकण्याऐवजी बोया (बोट बांधायचा तरंगता गोळा) असेल तर त्याला बांधायला सांगा, बहुतेक जण ऐकतात. एक तुकडासुद्धा आणू नका, कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत.

आणि त्या दिवसाचे फोटो असतील तर तारखेसकट खाली टाका. जवळून काढलेले असतील आणि खळगे दिसत असतील तर तेव्हा ते जिवंत होतं का ते बघून सांगते.