300 एमबीपीएसचा प्लॅन असूनही वायफायवर 90 च स्पीड येतो. कोणता नवीन ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) घ्यावा?

आधी काहीच घेऊ नका. आकडा 90-94 लाच अडकत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एखादी सुटली की पोर्ट 100 वर उतरतो. नेटवर्क स्विचमध्ये (केबल जिथे एकत्र येतात तो डबा) त्या पोर्टची लिंक स्पीड, म्हणजे तो किती वेगाने जोडला गेलाय, ते बघा.

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेचं काम मी केलंय. सगळी स्पर्धा परीक्षेची मुलं, संध्याकाळी हॉल भरला की लेक्चरचे व्हिडिओ अडकायचे. मालकांच्या मेहुण्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. त्यांचा हट्ट एकच, आणखी दोन ॲक्सेस पॉइंट लावा आणि पॉवर फुल्ल ठेवा. मी एका केबलचा कनेक्टर उजेडात धरला तर तपकिरी तार पिनपर्यंत पोचलीच नव्हती. तो कापून नवा क्रिंप केला, म्हणजे दाबून बसवला.

पण त्याहून मोठा घोळ हवेत होता. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडवर सगळीकडे चॅनेलची रुंदी 40 मेगाहर्ट्झ, त्यामुळे चॅनेल एकमेकांवर चढलेले. मी एकमेकांवर न चढणारे चॅनेल 1, 6, 11 वाटून दिले, रुंदी 20 वर आणली, पॉवर उतरवली आणि 1 ते 11 एमबीपीएसचे जुने, हळू रेट बंद केले. बीकन, म्हणजे ॲक्सेस पॉइंट आपलं नाव जाहीर करतो तो संदेश, सेकंदाला साधारण दहा वेळा जातो, तोही सहसा चालू असलेल्या सगळ्यात हळू रेटने. त्यात चार-चार नेटवर्कची नावं ठेवली की प्रत्येकाचा बीकन वेगळा. मुलांच्या वाट्याचा हवेतला वेळ असाच खर्च होत होता.

मेहुणे भडकले, "पैसे घेऊन वर पॉवर कमी करता?" हो, करतो आणि करणारच! ॲक्सेस पॉइंट कितीही ओरडला तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो. जिन्यात सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही, ते यामुळेच. त्या दिवसापासून भरल्या हॉलमध्ये व्हिडिओ चालले. मेहुण्यांनी ते आजवर कबूल केलेलं नाही.

तुमच्याकडे एक लॅपटॉप केबलने स्विचला जोडा, दुसरा वायफायवर ठेवा आणि दोघांमध्ये आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) चालवा. नुसत्या इंटरनेट स्पीड टेस्टवरून ॲक्सेस पॉइंटला नावं ठेवू नयेत.

हां, जुना वायफाय प्रिंटर किंवा हजेरीचं मशीन असेल तर जुने रेट बंद करण्याआधी ते तपासा, नाहीतर जोडलंच जाणार नाही. आणि कोणी पॉवर फुल्ल करायला आलाच, तर आधी त्याला पोर्टची लिंक स्पीड दाखवायला सांगा.