एक्झोराची नवी पानं पिवळी पडतात, फुलंही येत नाहीत. काय करावं?

पुण्यातली काळी माती, बोअरचं पाणी, सिमेंटच्या कुंपणाला लागून लावलेली रोपं आणि कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, एवढं तुम्ही सांगितलंय. निदानाला ते पुरे आहे. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. एक्झोराला साधारण ५ ते ६.५ सामूची (पीएचची), म्हणजे आम्लधर्मी माती लागते. म्हणून कोकणातल्या जांभ्या मातीत तो कुणी खत न घालताही फुलतो. खात्री करायची तर चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसलं की चुनखडी आहे.

त्यामुळे अंड्याची टरफलं, राख आणि बोनमील (हाडांचा चुरा) आधी बंद करा. पहिल्या दोन्हींनी चुना वाढतो, तिसऱ्यातल्या फॉस्फरसने लोह आणखी अडतं. साधं फेरस सल्फेट मातीत टाकण्यातही अर्थ नाही, अशा मातीत ते लगेच बांधलं जातं. चिलेटेड लोहच घ्या, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं, झाडाला उचलता येणारं लोह, आणि पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. ईडीटीए प्रकारचं फवारणीसाठी: लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी, १५ दिवसांच्या अंतराने दोनतीनदा. मातीत द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचंच; ते महाग असतं, पण चुनखडीच्या मातीत टिकतं. झाडाला ५ ग्रॅम, दोन लिटर पाण्यात विरघळवून. फरशीवर सांडू देऊ नका, डाग जात नाहीत. गुण आला की नाही ते नव्या फुटीवरून ठरवा, जुन्या पानांवरून नाही.

बोअरचं क्षारांचं पाणी देत राहिलात तर हे सगळं पुन्हा होणार. पावसाचं किंवा एसीचं पाणी उत्तम. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार अधिकच असतात.

सिमेंटमधूनही चुना मातीत उतरतो, म्हणून नवीन रोपं कुंपणाच्या भिंतीपासून दोन फूट लांब लावा. काळ्या मातीत खड्डा करून लाल माती भरली तर पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात. त्यापेक्षा जमिनीवरच फूटभर उंच वाफा करा. दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग जाड वाळू.

फुलं न येण्याचं दुसरं कारण बहुधा माळ्याची कात्री असेल. एक्झोराचे गुच्छ फांदीच्या शेंड्यावर येतात. रोपांची रांग सरळ दिसावी म्हणून दर महिन्याला शेंडे छाटले तर कळ्याही त्यातच जातात. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा जोरात छाटा. नंतर फक्त सुकलेला गुच्छ, खालच्या पानांच्या एका जोडीसकट, काढा. रोज पाचसहा तास ऊन मिळत नसेल तर हेही फारसं उपयोगी पडणार नाही.

पानांवर काजळी दिसली आणि मुंग्यांची ये-जा असेल तर पानं उलटून बघा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण सापडेल. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून, आठवड्याने पुन्हा. कीड गेली की काजळी आपोआप सुटते.