कायद्याचं बोला : चावी कुठे टांगता?

प्रश्न : मी ठाण्याला मानपाड्यात राहते. मुलगा अकरावीत आहे, सतरा अजून पूर्ण नाहीत. गेल्या महिन्यात क्लासला उशीर झाला म्हणून माझी स्कूटी घेऊन गेला आणि वाघबीळला आतल्या रस्त्यावर एका आजोबांना धडकला, त्यांचं मनगट फ्रॅक्चर झालंय. गाडी माझ्या नावावर आहे. पोलिसांनी मला आणि मिस्टरांना जबाबाला बोलावलंय. दीर म्हणतात, गाडी मी चालवत होतो असं सांगू, मिटून जाईल. आईबापाला खरंच जेल होते का? मी तर त्याला गाडी घे असं कधीच म्हटलं नाही.

उत्तर : ताई, सगळ्यात आधी दीरांना थांबवा. खोटं सांगून कोणाला तरी वाचवणं हा वेगळाच गुन्हा आहे, त्यात तेही अडकतील आणि तुम्हीही, आणि हल्ली प्रत्येक दुकानावर कॅमेरा असतो. पुण्यात कल्याणीनगरला 2024 मध्ये काय झालं आठवतंय ना, अल्पवयीन मुलाच्या अपघातापायी बापाला अटक झाली आणि गुन्हा घरच्या ड्रायव्हरच्या माथी मारायला बघितल्याच्या आरोपात त्या मुलाचे आजोबाही आत गेले.

आता जेलचं. 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात 199 अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तुमच्या केसमध्ये तर पालकही तुम्ही आणि मालकही तुम्हीच. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द आणि मुलाला वयाची 25 वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. हे शेवटचं पोरांना सांगा, दंडापेक्षा त्याचीच जास्त धास्ती घेतात.

आणि खरी गोम पुढे आहे. "मी घे म्हटलं नाही" एवढ्यावर सुटका नाही, कारण कोर्ट तुमची संमती होती असंच गृहीत धरून चालतं. मला माहीत नव्हतं किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती हे तुम्ही सिद्ध करायचं. म्हणून मी प्रत्येकाला पहिलं विचारते, घरात चावी कुठे असते? दाराजवळच्या खुंटीला, सगळ्यांच्या हाताशी, आणि पोरगा याआधी पण भाजी आणायला, दळण टाकायला गाडी नेत होता आणि तुम्ही बघत होतात, तर मग माहीत नव्हतं कसं म्हणणार? चावी कपाटात कुलपात होती, आधी एकदा त्यावरून घरात भांडण झालं होतं, असं काही असेल तर जबाबात तेच सांगा, पण खरं असेल तरच. जबाबाला जाताना वकील सोबत न्या. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, मोठ्यांच्या कोर्टात नाही.

आजोबांच्या भरपाईचं वेगळं. ते ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, क्लेम लावू शकतात. बरेचदा विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावतात आणि मग कंपनी मालकाकडून वसूल करते, कारण चालवणाऱ्याकडे लायसन्सच नव्हतं. म्हणजे फिरून तुमच्याच खिशातून. ते आत्ता कोणत्या दवाखान्यात आहेत, ड्रेसिंगला कोण नेतं, हे विचारायला मिस्टरांना पाठवा, कोर्टासाठी म्हणून नाही, एरवीही जायलाच हवं होतं.

(संध्याकाळी सातला घोडबंदर रोडच्या कुठल्याही क्लासखाली उभं राहा, स्कूटींची रांग दिसेल आणि लायसन्सच्या वयाचं त्यात क्वचितच कोणी.)

प्रश्न : नेरूळला राहतो. आठ वर्षांच्या मुलाच्या बॉलने शेजाऱ्यांच्या गाडीची काच फुटली. सोसायटी म्हणते मेंटेनन्सच्या बिलात लावू. चालतं का?

उत्तर : बाप आहात म्हणून आपोआप भरपाई तुमच्यावर येत नाही, तुमचा स्वतःचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. गुन्ह्याचा तर प्रश्नच नाही, खेळताना चुकून फुटली. बिलात कुठल्या ठरावाने लावताय ते सेक्रेटरींकडून लेखी मागा. पण दादा, शेजाऱ्यांचा विमा असेल तर क्लेममध्ये न मिळणारी रक्कम तुम्ही द्या आणि विषय संपवा, संध्याकाळी पोरगं त्याच पार्किंगमध्ये खेळणार आहे.